भाच्याला दहावीला ८१ टक्के, आणि म्हणतो आयटीआय करायचंय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितो.

भाचा यंदा दहावी झाला. ८१ टक्के. आमच्या घराण्यात एवढे कुणाला पडले नव्हते, त्यामुळे गल्लीभर पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गड्याने जाहीर केलं, मला आयटीआयला जायचंय. ट्रेडही ठरलाय, मशिनिस्ट. मागच्या गल्लीत एकाचं जॉबवर्कचं शेड आहे, दोन लेथ आणि एक जुनं मिलिंग. सुट्टीभर तिथे जाऊन बसायचा, तिथलंच डोक्यात भरलंय.

ताई रडतेय. दाजी म्हणतात, "ज्यांना काही जमत नाही ती पोरं तिकडं जातात. तुला डिप्लोमाला सहज नंबर लागेल." आणि मध्यस्थ म्हणून मला बसवलंय. मी जन्मभर बँकेत. पाना कसा धरायचा हेही मला कुणी शिकवलं नाही. तर प्रश्न एवढाच की मार्क असताना आयटीआय करणं हा शुद्ध वेडेपणा आहे का? अनुभव असलेल्यांनी सांगावं, शक्यतो.

वाटसरू
'शक्यतो' लिहिलंय म्हणून अनुभव नसताना सांगतो. डिप्लोमा. विषय संपला.

बंडूनाना
संपला म्हणे! शेंगा भाजून घेऊन बसलोय.

टर्नरबुवा
वेडेपणा नाही. मी १९८९ चा टर्नर, म्हणजे लेथवाला, सरकारी आयटीआय. दहावीला माझे ५२ टक्के होते, म्हणजे दाजी म्हणतात त्याच जातकुळीतला.

पहिले दोन महिने नुसती कानस. हातात लोखंडाचा तुकडा, तो चौरस करायचा. घासून झाला की सर गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की काही न बोलता तुकडा परत माझ्यासमोर ठेवायचे. रागावणं नाही, काही नाही. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. वाटायचं, जग कुठं चाललंय आणि हा माणूस आपल्याला कानस घासायला लावतोय. आता साठीकडे आल्यावर सांगतो, पुढे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, गेलो तेव्हा जे कळलं ते त्या दोन महिन्यांमुळे. टूल कशाने कापतंय, कुठे थरथरतंय, आवाज का बदलला, हे स्क्रीन सांगत नाही.

आयटीआयनंतर पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस, मग तिथेच परमनंट. घर, दोन पोरांची शिक्षणं, सगळं त्यातून. पण शेवटचं प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या वेळी परमनंट होता यायचं.

चाकणकर
टर्नरबुवांच्या शेवटच्या वाक्यासाठी शंभर गुण. बाकीच्यासाठी शून्य, माफ करा.

मी २०१७ ला फिटर झालो. अप्रेंटिसशिप एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. वर्षभरात मी काय शिकलो? ट्रॉली ढकलायला. खरंच सांगतो, भरलेली ट्रॉली लाइनवर नेणे, रिकामी परत आणणे. कंपनीला मी फिटर आहे हे फॉर्मवर माहीत होतं, शॉपवर नाही. वर्ष संपलं, सर्टिफिकेट मिळालं, 'ऑल द बेस्ट'. मग ठेकेदाराकडे सात महिने, ब्रेक, दुसऱ्या ठेकेदाराकडे सात महिने. शेजारी उभा असलेला परमनंट माणूस तेच काम माझ्या तिप्पट पगारात करायचा, आणि बिचारा चांगला होता म्हणून मला डबा द्यायचा.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा वाचा. अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शिकवत असतील तर ठीक आहे. शिकवलंच नाही तर तो नुसता स्वस्त हेल्पर. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआयवाल्याला विद्यावेतन महिना किमान ७,००० ठरलं. चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेस लावून बघा ७,००० मध्ये.

भाच्याला पाठवू नका असं म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून पाठवा.

भोसरी_युनिट
इथे एक छोटा कारखानदारही बोलतो, शिव्या द्यायला सोपं जाईल.

माझ्याकडे १४ माणसं, चार व्हीएमसी, म्हणजे सीएनसी मिलिंग. मला पोरं मिळत नाहीत! आयटीआय झालेला येतो, मायक्रोमीटर वाचता येत नाही, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते सांगता येत नाही. सहा महिने मी शिकवतो, तो दोन-चार जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे तुकडे, बिघडवून माझं मटेरियल वाया घालवतो, आणि हात बसला की पंधराशे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जातो. मग मी का शिकवू?

बंडूनाना
मग द्या ना पंधराशे.

भोसरी_युनिट
नाना, शेंगा खा.

चाकणकर
नानांनी एका ओळीत आमच्या युनियनचं सगळं मागणीपत्र मांडलं.

हत्यारपेटी
मी निदेशक आहे, म्हणजे ट्रेड शिकवणारा, सरकारी आयटीआयत. जागा सांगत नाही, बदली नकोय. भोसरीवाल्यांची तक्रार खरी आहे, कारण मात्र पोराच्या डोक्यात शोधू नका.

मुळातली कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, केंद्राची. अभ्यासक्रम दिल्लीचा, संस्था राज्याची. महाराष्ट्रात सरकारी आयटीआयच चारशेच्या वर आहेत, खासगी वेगळ्या. कागदावर सुंदर आहे सगळं. एका तुकडीत २० पोरं, एक निदेशक, बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये. आता प्रत्यक्षात या. निदेशकाची जागा रिकामी, तिथे तासिका तत्त्वावर एक पोरगा, त्याचं मानधन कधी येईल ते त्यालाच ठाऊक नाही. कच्चा माल वेळेवर येत नाही. २० पोरांना चार मशीन, त्यातली एक 'दुरुस्तीसाठी प्रस्तावित'. मग एक पोरगा जॉब करतो आणि चौघे त्याच्या खांद्यावरून बघतात. बघून मायक्रोमीटर येत नाही हो.

त्यात धोरणं. २०१३ ला सेमिस्टर पद्धत आणली, २०१८ ला पुन्हा वार्षिक केली. थिअरी आता संगणकावर, पर्यायांवर टिचकी मारायची. एक वाक्य धड लिहिता येत नसलं तरी पास. काही ठिकाणी मात्र काम जोरात आहे. प्राचार्य खमके, आजूबाजूच्या कारखान्यांनी मशीन दिल्यात, पोरं संध्याकाळी हाकलल्याशिवाय घरी जात नाहीत. दोन्ही आयटीआय एकाच योजनेतल्या, एकाच सर्टिफिकेटच्या.

कृष्णाकाठ, म्हणून एक सांगतो. 'आयटीआय करू का' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कुठली आयटीआय' हे आधी बघा. प्रवेशाच्या आधी भाच्याला घेऊन एका कामाच्या दिवशी दुपारी तिथे जा. रविवारी नाही, १५ ऑगस्टला नाही. वर्कशॉपमध्ये शिरा आणि मशीनच्या खाली बघा. कीस पडलाय का? लोखंडाचा ताजा, चकचकीत कीस? पडलेला असेल तर घाला प्रवेश. खाली स्वच्छ आणि वर कापड झाकलेलं असेल, तर मशीन पाहुण्यांना दाखवायची आहे.

टर्नरबुवा
कीस! दंडवत, सर.

मीनल_फिटर
सगळे काका-दादा बोलून झाले असतील तर मी बोलते. आयडीतच फिटर आहे, म्हणून थट्टा नको.

२० जणांत मी एकटी मुलगी. माझ्या आईला वाटलं होतं मी शिवणकामाला किंवा कोपाला (संगणकाचा ट्रेड) नाव घातलंय. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह नव्हतं, ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं, ते ग्राउंडच्या पलीकडे. पावसाळ्यात किती पाणी प्यायचं याचा हिशेब करत मी दोन वर्षं काढली. शिकवण्याच्या बाबतीत सरांनी फरक केला नाही, हेही सांगते. डव्हटेलचा, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचा, जॉब वर्गात सगळ्यात आधी माझा बसला. नंतर कॅम्पसला कंपनीवाले म्हणाले, लेडीजना शॉपवर घेत नाही, नाइट शिफ्टचा प्रश्न आहे. माझ्याहून कच्ची सहा पोरं लागली.

मी क्वालिटीत शिरले. आज सीएमएमवर, म्हणजे जॉबची मापं तपासणाऱ्या मशीनवर, काम करते, पोरांनी केलेले जॉब मीच रिजेक्ट करते. छान वाटतं.

भोसरी_युनिट
मॅडम, मनापासून सांगतो, मला क्वालिटीला माणूस हवाय.

मीनल_फिटर
पंधराशे जास्त?

बंडूनाना
शेंगा संपल्या. आणायला जातो, कुणी काही लिहू नका.

रंधा
या विषयात एक गोष्ट कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. दाजी 'ज्यांना काही जमत नाही' म्हणतात, ते मार्कांपुरतं नसतं. माझे आजोबा गावचे सुतार. कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं, सगळं बलुत्यावर. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. ज्याच्या औताशिवाय पेरणी होत नाही, त्याने मागायला उभं राहायचं. वडिलांनी ते बघितलं आणि मला रंध्याला हात लावू दिला नाही. "तू खुर्चीवर बस" एवढंच. मी खुर्चीवर बसलो, कारकून झालो.

हाताचं काम खालचं, ते करणारा खालचा, हे आपल्याकडे शिक्षणाच्या फार आधीपासून आहे. त्यामुळे 'कौशल्याला प्रतिष्ठा द्या' अशा जाहिराती बघितल्या की हसू येतं. गेल्या वर्षी घरात फर्निचर केलं. चार कारागीर, चौघे राजस्थानचे. सुताराच्या घरात सुतार बाहेरून. मी त्यांना चहा देत होतो आणि त्यांचा रंधा बघत होतो. आजोबांचा रंधा अजून माळ्यावर आहे, हा आयडी त्यावरूनच.

वाटसरू
हे वाचून माझा पहिला प्रतिसाद मागे घ्यावासा वाटतोय. पण डिप्लोमाच!

डिप्लोमाचा_मास्तर
वाटसरू, दोन्ही जमतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मशिनिस्ट दोन वर्षांचाच आहे, वेल्डर एक वर्षाचा. म्हणजे भाच्याचं फार तर एक वर्ष जास्त जाईल. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, दरवर्षी अशी पोरं येतात. वर्कशॉपमध्ये ती राजा असतात, पहिल्या वर्षावरून आलेली पोरं त्यांच्याकडून शिकतात.

मात्र गणितात आपटतात. पहिल्या वर्षाचं गणित चुकलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षाचे विषय ते येतं असं धरून चालतात. हुशार पोरं निव्वळ त्यामुळे सोडून गेलेली मी बघितली आहेत. ८१ टक्केवाल्याने आयटीआयच्या दोन वर्षांत रोज अर्धा तास गणित चालू ठेवलं तर त्याला अडचण नाही. इंग्रजीही. डिप्लोमाची पुस्तकं इंग्रजी, आणि आयटीआयत सगळं मराठीत कानावर पडलेलं.

हत्यारपेटी
मास्तर, मराठीत कुठलं. 'जॉब व्हाईसमध्ये टाइट करून डायल लाव' ही कुठली भाषा ते सांगा.

टर्नरबुवा
शॉपफ्लोअरी.

नेकारकाठ
कृष्णाकाठला नेकारकाठचा नमस्कार. श्टुटगार्टजवळ राहतो, इथल्या 'आउसबिल्डुंग'बद्दल, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाबद्दल, व्हॉट्सअॅपवर वाट्टेल ते फिरतं म्हणून थोडं लिहितो.

इथे मुलगा आधी कंपनीशी करार करतो, मग शाळेत जातो. तीन-साडेतीन वर्षं. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, बाकी कंपनीत, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योगांची किंवा कारागिरांची चेंबर घेते. त्यामुळे चाकणकरांसारखं वर्षभर ट्रॉली ढकलायला लावली तर मुलगा परीक्षेत नापास होतो आणि कंपनीची अब्रू जाते. शिकवायला भाग पाडणारी खरी गोष्ट ही आहे, जर्मन लोक फार थोर वगैरे काही नाही. पुढे अनुभव घेऊन 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर, झाला की पात्रतेच्या चौकटीत तो पदवीधराच्या बरोबरीचा धरतात.

आपल्याकडेही २०१६ पासून आयटीआयत दुहेरी पद्धत आणली आहे, काही महिने संस्थेत, काही कारखान्यात. संस्थेने खरंच करार केलाय का ते विचारा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मला गावाकडून रोज एक फोन येतो. सगळ्यांना एकच सांगतो. भाषा. नुसतं 'गुटेन मॉर्गेन' म्हणून चालत नाही, फोरमन बव्हेरियन असेल तर बी-१ पातळीची जर्मन येणाराही रडतो.

मांडवी
गोव्यातून. आमच्याकडे चित्र आणखी गमतीचं. आयटीआय झालेला पोरगा एक तर जहाजावर जातो, नाहीतर पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद काढून युरोपात, नाहीतर सरकारी नोकरीसाठी आमदाराच्या दारात. वेर्ण्याच्या वसाहतीत वेल्डर हवा असेल तर तो ओडिशाचा किंवा यूपीचा. घरी नळ गळायला लागला की प्लंबर मिळेपर्यंत बादली लावून आठ दिवस. तो येतो, वीस मिनिटं काम करतो आणि माझ्या दिवसाच्या पगाराएवढे घेतो. मी एम.कॉम. आहे, हे मुद्दाम सांगते.

बंडूनाना
आलो शेंगा घेऊन. मांडवीताई, आमच्या इलेक्ट्रिशियनने माझा फोन उचलावा म्हणून मी त्याच्या पोराच्या बारशाला गेलो होतो.

आकडेमोड
सरकारला या प्रशिक्षणाची किंमत किती वाटते बघायचंय? २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणायचे. बारावीला महिना ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. म्हणजे दोन वर्षं मशीनवर उभा राहिलेला पोरगा कुठल्याही शाखेच्या पदवीधरापेक्षा दोन हजारांनी कमी. जाहिरात मात्र 'कुशल महाराष्ट्र'.

शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलं होतं की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल. आमच्या मुलीच्या शाळेत त्याचा अर्थ एक दिवस आकाशकंदील.

पाबळचा_पाहुणा
शाळेचा विषय निघालाच आहे तर पाबळचं नाव यायला हवं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला एक वर्षाचा निवासी कोर्स मी जवळून पाहिला आहे. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं थोडं थोडं, आणि सगळं प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या कामावर. सरावाचा जॉब करून भंगारात टाकायचा प्रकार नाही. शेड बांधली तर ती कुणाचीतरी खरी शेड असते आणि वाकडी झाली तर तो माणूस येऊन बोलतो. शाळेत नापास झालेली पोरं तिथे शिकली आणि गावात स्वतःची वर्कशॉप टाकून बसली. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली, तेव्हा मोठ्या शहरांतल्या कॉलेजांनीही ते नाव ऐकलं नव्हतं.

मशिनिस्ट व्हायचं असेल तर ती जागा नाही. पण 'खरं गिऱ्हाईक' हा मुद्दा आयटीआयने उचलावा असा आहे.

ठिणगी
वेल्डर इथे. एक वर्षाचा ट्रेड, मग पाइप वेल्डिंग शिकलो, आखातात सहा वर्षं. पैसे मिळाले. डोळ्यांची मात्र वाट. सुरुवातीला काच न लावता टॅक, म्हणजे वेल्डिंगचा छोटा टाका, मारायचो, रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं. आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची.

हत्यारपेटी
बटाटा भाजीत घाला. काच लावा. प्रत्येक तुकडीत दोन महाभाग असतात, "सर, एकच टॅक आहे" म्हणणारे.

चाकणकर
ठिणगीभाऊ, लग्न जमलं का? माझं 'वेल्डर-फिटर नको' म्हणून चार ठिकाणी मोडलं.

ठिणगी
सासऱ्यांना 'फॅब्रिकेशन इंजिनिअर, दुबई' सांगितलं होतं. आता ते स्वतःच बाकीच्यांना तसं सांगतात.

लोकोमोटिव्ह
सरकारी नोकरीची बाजू राहिलीच. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला आयटीआय चालतो, रेल्वेतच अप्रेंटिसशिप केली तर खालच्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा त्या पोरांसाठी असतात. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतो, म्हणूनच इलेक्ट्रिशियनची प्रवेशयादी सगळ्यात जास्त मार्कांवर बंद होते. मशिनिस्टला एवढे दरवाजे नाहीत. भाच्याला हे माहीत असू दे, मग निवडू दे.

कृष्णाकाठ
मंडळी, सगळं वाचलं. ताईला मोठ्याने वाचूनही दाखवलं. रंधा यांच्या प्रतिसादावर ती गप्प झाली. दाजी चाकणकरांच्या प्रतिसादावर "बघ, मी म्हणत होतो" म्हणाले. ज्याला जे हवं ते सापडलं.

काल गुरुवारी दुपारी मी, दाजी आणि भाचा, दोन आयटीआय बघून आलो.

पहिली तालुक्याची. गेटवर कमान, आत रंगरंगोटी. मशिनिस्टचं वर्कशॉप दाखवा म्हटल्यावर किल्ली शोधायला पंधरा मिनिटं गेली. मशीनखाली मी वाकून बघितलं, शिपाई मला विचारतो, "काही पडलं का साहेब?" म्हटलं, पडलंय का तेच बघतोय.

दुसरी लांब आहे, एसटीने सव्वा तास. पत्रे गळके, एका भिंतीला ओल. आत शिरलो तर तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि आठ-दहा पोरं दोन मिलिंगभोवती. कीस होता. भाच्याच्या चपलेत शिरला, तो तिथेच ओय ओय करत एका पायावर नाचला. निदेशक वळून बघत म्हणाले, "चपलेवर वर्कशॉपमध्ये? बाहेर!" हे त्यांचं स्वागत. दहा मिनिटांनी स्वतःच बाहेर आले, भाच्याला शाळेतलं पायथागोरस विचारलं, टेपर म्हणजे काय ते खडूने फरशीवर काढून दाखवलं. दाजी डिप्लोमाचं विचारायला तोंड उघडणार, तर सर स्वतःच म्हणाले, गणित सोडू नको, पुढे डिप्लोमा कर. अप्रेंटिसशिप कुठे लावता हेही मी विचारलं. त्यांनी मागच्या वर्षीच्या पोरांची वही काढली, कोण कुठल्या कारखान्यात आणि तिथे नक्की काय करतोय. दोन नावांपुढे लाल शाईने 'ट्रॉली' लिहिलं होतं. म्हणाले, तिथे यंदा पोरं देणार नाही.

पसंतीक्रमात दुसरी आयटीआय पहिल्या नंबरावर टाकली. दाजींनी 'करा काय ते' म्हणून चष्मा पुसला, म्हणजे होकार. ताई अजून बोलत नाही, पण पहाटेची एसटी किती वाजता असते ते तिने विचारलं.

चाकणकर
लाल शाईने 'ट्रॉली'. त्या सरांना माझा नमस्कार सांगा. माझं नाव आठ वर्षांपूर्वीच्या कुठल्याही वहीत नसणार.

हत्यारपेटी
मी उद्या लाल पेन आणतो.

मीनल_फिटर
आणि मुलींचं स्वच्छतागृह कुठे होतं? बघितलंत का?

कृष्णाकाठ
नाही बघितलं. खरं तर सुचलंच नाही. प्रवेशाच्या दिवशी बघून सांगतो.

आता एक शेवटचा प्रश्न, सेफ्टी शूज सांगलीत कुठे बरे मिळतात? नऊ नंबर. ताई म्हणते एक नंबर मोठे घ्या, वाढतं वय आहे.

टर्नरबुवा
मोठे घेऊ नका! सैल बुटात कीस शिरतो.